लहरी कुणाच्या, हिशोब कुणाला?

(ऐकण्याऐवजी वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग शब्दांत. बोलताना घेतलेले 'म्हणजे' आणि 'तर' बरेचसे काढलेत, सगळे नाही.)

आजचा विषय ऐकायला कोरडा वाटेल, पण थोडं थांबा. विद्यापीठांकडे स्वतःची रेडिओ स्टेशनं असतात. पुण्यात 'विद्यावाणी' आहे, १०७.४ एफएम, २००५ पासून. मुंबई विद्यापीठाचं स्टेशन आहे, १०७.८ एफएम, २००८ पासून, कलिना कॅम्पसमध्ये. ही स्टेशनं ज्या लहरींवर चालतात त्या सार्वजनिक आणि बऱ्याच ठिकाणी यंत्रसामग्रीला पैसाही सार्वजनिक. मग त्यांचा हिशोब कुणाला द्यायचा? दिल्लीतल्या मंत्रालयाला, कुलगुरूंना, की रेडिओ लावून बसलेल्या माणसाला?

मी बदलापूरला राहतो. कलिना ते बदलापूर सरळ रेषेत मोजलं तर साधारण ४३ किलोमीटर. अंबरनाथ, उल्हासनगर ३६-३७. कम्युनिटी रेडिओचा ट्रान्समीटर १०० वॅटचा, पोच ५ ते १०, फार तर १५ किलोमीटर. म्हणजे ते स्टेशन आमच्याकडे लागत नाही. पण उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतची कॉलेजं त्याच विद्यापीठाला जोडलेली. आमच्याकडच्या पोरांची परीक्षा फी त्याच तिजोरीत जाते. त्यामुळे 'तुम्हाला ऐकू येत नाही, तुम्ही कशाला विचारता' हे उत्तर मला पटत नाही. का पटत नाही, त्यासाठी जरा मागे जाऊ.

पोस्टात जाऊन घेतलेलं लायसन

२३ जुलै १९२७. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं, व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन ह्यांच्या हस्ते. कंपनी खाजगी. पैसा यायचा तो लायसन फीमधून. ज्याच्याकडे रेडिओ त्याने वर्षाला १० रुपये भरायचे, त्यातला ८० टक्के हिस्सा कंपनीला. १९२७ मधले १० रुपये म्हणजे चैनच. लायसनवाले मोजकेच, न भरता ऐकणारेही होतेच. १९३० मध्ये कंपनी बुडाली आणि प्रसारण सरकारने हातात घेतलं. त्यातूनच पुढे ऑल इंडिया रेडिओ, आपली आकाशवाणी.

पण लायसन राहिलं. थेट १९८० च्या दशकापर्यंत लोक पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन काढत होते, दरवर्षी नूतनीकरण करत होते. तुमच्या आजोबांच्या ट्रंकेत असेल एखादं पुस्तक, शिक्के मारलेलं. उल्हासनगरचंच बघा. १९४९ मध्ये निर्वासितांसाठी हे गाव वसलं, सिंधमधून सगळं सोडून आलेली माणसं कॅम्पातल्या बराकीत राहत होती. तिथेही ज्याने रेडिओ घेतला त्याला लायसन चुकलं नाही. पैसे श्रोत्याचे, पण कार्यक्रम कुणी ठरवायचे, खर्च किती झाला, हे विचारायची जागा श्रोत्याला कुठेच नव्हती. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याने लहरींवरचा हक्क सरकारचा ठरवला होता आणि स्वातंत्र्यानंतरही तोच कायदा चालू राहिला.

सचिनची शेवटची ओव्हर आणि सुप्रीम कोर्ट

आता क्रिकेट. हो, क्रिकेटच.

नोव्हेंबर १९९३, हिरो कप. ईडन गार्डन्सवरची सेमीफायनल आठवते का? साऊथ आफ्रिकेला शेवटच्या ओव्हरमध्ये ६ रन हवे, बॉल सचिनच्या हातात, आणि दिले फक्त ३. माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता, तरी ती ओव्हर मी यूट्यूबवर इतक्यांदा बघितलीय की मैदानात असल्यासारखी पाठ आहे.

त्या मॅचच्या पाठीमागे दुसरी मॅच चालू होती. क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालने प्रक्षेपणाचे हक्क ट्रान्स वर्ल्ड इंटरनॅशनल ह्या परदेशी कंपनीला दिले होते. दूरदर्शन बिनसलं. सरकारची परवानगी अडली, कस्टम्सने उपकरणं अडवली, प्रकरण कलकत्ता हायकोर्टात आणि तिथून सुप्रीम कोर्टात. निकाल लागला ९ फेब्रुवारी १९९५ ला.

खंडपीठात होते न्यायमूर्ती पी. बी. सावंत, एस. मोहन आणि बी. पी. जीवन रेड्डी. मुख्य निकालपत्र सावंतांचं. मुंबईत वकिली केलेला, मुंबई हायकोर्टातून वर गेलेला मराठी माणूस. त्यांनी मांडलेल्या मुद्द्यांचा गाभा असा: लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. सरकारची नाही, ज्याच्याकडे पैसा त्याचीही नाही. त्या मर्यादित आहेत, म्हणून वापरावर नियंत्रण लागणार. पण ते नियंत्रण स्वायत्त सार्वजनिक संस्थेने लोकांच्या हितासाठी करायचं. आणि अभिव्यक्तीच्या हक्कात माहिती मिळवण्याचा हक्कही येतो, म्हणजे ऐकणाऱ्याचाही हक्क.

भांडण क्रिकेटच्या पैशावरून होतं. एका बाजूला बोर्ड, दुसऱ्या बाजूला दूरदर्शन, दोघांनाही लहर आपली हवी होती. कोर्टाने सांगितलं, ती तुमच्या दोघांचीही नाही.

सावंत पुढे प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झाले. २००३ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांच्याच अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्या आयोगाने अण्णा हजारेंनी आरोप केलेल्या मंत्र्यांची चौकशी केली आणि हजारेंच्या स्वतःच्या संस्थांचे हिशोबही तपासले. तक्रार करणाऱ्याचाही ताळेबंद उघडला. हे लक्षात ठेवा, कारण सार्वजनिक पैशाचा नियम तोच आहे. हेतू चांगला असला म्हणून वही बंद ठेवता येत नाही.

आधी कॉलेजं, मग बाकीचे

१९९५ ला निकाल लागला खरा, पण लहर लोकांपर्यंत पोचायला वेळ लागला. किती, ते तेलंगणातल्या माचनूरला विचारा. झहीराबादजवळच्या ह्या गावात दलित शेतकरी बायकांनी रेडिओ स्टेशन उभारलं, युनेस्कोच्या मदतीने, १९९८ च्या सुमारास. स्टुडिओ तयार, बायका कार्यक्रम रेकॉर्ड करून कॅसेटवर ऐकवायच्या, पण हवेत सोडायची परवानगी नाही. ती मिळाली २००८ मध्ये. दहा वर्षं! पैसा होता, यंत्रं होती, आवाज होता. लहर नव्हती.

सरकारला भीती सुरक्षेची. म्हणून २००२ मध्ये दार उघडलं ते फक्त नावाजलेल्या शिक्षणसंस्थांसाठी. १ फेब्रुवारी २००४ ला चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं स्टेशन सुरू झालं, देशातलं पहिलं कॅम्पस कम्युनिटी रेडिओ. मग पुणे विद्यापीठ. नोव्हेंबर २००६ मध्ये नियम बदलले आणि स्वयंसेवी संस्था, कृषी विज्ञान केंद्रं ह्यांनाही दार उघडलं. साताऱ्यात म्हसवडचं 'माणदेशी तरंग' हे त्यानंतरचं, २००८ चं. आज देशात अशी ५०० हून जास्त स्टेशनं आहेत आणि त्यात शिक्षणसंस्थांचा वाटा मोठा आहे.

विद्यापीठांना आधी का दिलं, तर ती 'जबाबदार' म्हणून. ठीक आहे. पण जबाबदार म्हणजे शांत बसणारा, की जाब देणारा? मराठीत 'जबाबदार' ह्या शब्दाच्या पोटातच 'जबाब' आहे.

अटींची यादी, आणि तिच्यात राहिलेली जागा

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. नोकरीचा निम्मा वेळ दुसऱ्यांनी लिहिलेले नियम वाचण्यात जातो. तर मी २००६ ची मार्गदर्शक तत्त्वं तशीच वाचली, एकेक कलम. मोठा दस्तऐवज नाही, लोकलच्या एका फेरीत संपतो. त्यातल्या कामाच्या गोष्टी सांगतो.

एक, निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार झालेले हवेत.

दोन, प्रसारित झालेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवायचा. आमच्या भाषेत हा 'लॉग'. सर्व्हरवर काय झालं हे नंतर तपासता यावं म्हणून आपण नोंदी ठेवतो, तसंच. तक्रार आली तर टेप काढून ऐकता यायला हवी.

तीन, जाहिरातीतून आलेला पैसा आधी स्टेशनच्याच खर्चाला वापरायचा, रोजचा आणि भांडवली. सगळं भागवून उरलं तर मंत्रालयाची लेखी परवानगी घेऊन संस्थेच्या मूळ कामात टाकता येतं. शिक्षणसंस्था असेल तर शिक्षणात. थोडक्यात, रेडिओच्या पैशातून परस्पर कार्यालयाचा सोफा नाही.

चार, आणि आज आपल्याला हीच हवी आहे. स्टेशन चालवणाऱ्या विभागाचे लेखापरीक्षण झालेले वार्षिक हिशोब सरकारला सादर करायचे. त्यात रेडिओचं उत्पन्न, खर्च, मालमत्ता आणि देणी स्पष्ट दिसली पाहिजेत.

जाहिरातीचा पैसा असा किती असणार, असं कुणी म्हणेल. २००६ मध्ये तासाला ५ मिनिटं जाहिरात चालायची. पुढे ७ झाली. फेब्रुवारी २०२४ च्या नव्या नियमांत १२ मिनिटं झाली आणि सरकारी जाहिरातीचा दर १० सेकंदांना ५२ वरून ७४ रुपये झाला. १२ मिनिटं म्हणजे ७२ तुकडे, गुणिले ७४, तासाला ५,३२८ रुपये. ही कमाल मर्यादा, प्रत्यक्षात सगळे तुकडे विकले जात नाहीत. पण शून्य नक्कीच नाही. म्हणूनच हिशोब हवा.

वरून अनुदान वेगळं. नवीन स्टेशन उभारायला, जुनी यंत्रं बदलायला मंत्रालयाची योजना आहे, २०१७ मध्ये तिची कमाल मर्यादा साडेसात लाख रुपये होती. २०१७ मध्ये त्यातला सरकारी वाटा ५० टक्क्यांवरून ७५ टक्के झाला, ईशान्येकडच्या राज्यांत ९० टक्के. असं कुठलंही केंद्रीय अनुदान घेतलं की उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं. सरकारी ऑफिसात कधी काम पडलं असेल तर 'यूसी दिली का?' हा प्रश्न कानावर आला असेल, तीच ही यूसी. पैसा ज्या कामाला दिला त्याच कामाला लागला, असं सही-शिक्क्यानिशी सांगायचं.

पण सगळ्यात मोठं अनुदान हे साडेसात लाख नाहीच. २०१५ च्या लिलावात मुंबईतल्या एका खाजगी एफएम लहरीला १२० कोटी रुपयांहून जास्त बोली लागली. त्यांचा ट्रान्समीटर कितीतरी मोठा, अख्खं शहर ऐकतं, त्यामुळे थेट तुलना होत नाही. पण दोन्ही एकाच पट्ट्यातल्या लहरी आहेत, आणि कम्युनिटी रेडिओला ती लिलावाशिवाय मिळते. विद्यापीठाने सरकारकडून एक रुपया घेतला नाही असं समजलं, तरी त्याने आपल्याकडून काहीतरी घेतलेलं आहेच.

आता यादीतली रिकामी जागा बघा. हिशोब द्यायचा 'सरकारला'. श्रोत्याला द्यायचा, भिंतीवर लावायचा, संकेतस्थळावर टाकायचा, असं त्या कलमात नाही. रिपोर्ट तयार होतो, पण तो ज्याच्यासाठी बनला त्याचं नाव 'प्रति' च्या ओळीत नाही.

अमेरिकेत काय केलं

जरा बाहेर बघू. अमेरिकेत बरीच सार्वजनिक रेडिओ स्टेशनं विद्यापीठांचीच आहेत. १९६७ च्या कायद्याने त्यांना केंद्राचा पैसा देण्यासाठी कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग ही संस्था काढली. १९७८ मध्ये अटी कडक झाल्या. पैसा हवा असेल तर संचालकांच्या बैठका लोकांना खुल्या, हिशोबाच्या वह्या लोकांना खुल्या, स्थानिक लोकांचं सल्लागार मंडळ. ह्यात एक फट होती. सरकारी मालकीच्या स्टेशनना सल्लागार मंडळाची अट नव्हती, म्हणजे सरकारी विद्यापीठं तेवढ्यापुरती सुटली. बाकी अटी पाळल्या की नाही हे बघायला स्वतंत्र तपासनीस, आणि चुकलं तर अनुदानावर गदा.

'प्रति' च्या ओळीत श्रोता होता. आपल्यापेक्षा पुढे. पण त्या सगळ्या अटी बांधलेल्या होत्या अनुदानाला. जुलै २०२५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने मंजूर केलेला सुमारे १.१ अब्ज डॉलरचा निधी मागे घेतला आणि ऑगस्टच्या पहिल्याच दिवशी त्या संस्थेने काम आवरतं घेत असल्याचं जाहीर केलं. पैसा गेला, तर पैशाच्या पाठीवर बसलेल्या अटींनाही जोर उरत नाही.

आपल्याकडे उलटं आहे. आपली हिशोबाची अट अनुदानाला बांधलेली नाही, परवानगीला बांधलेली आहे, म्हणजे लहरीला. अनुदान नाकारलं तरी ती सुटत नाही. पाया आपला जास्त भक्कम आहे. १९९५ च्या निकालाशी तो सरळ जुळतो: मालमत्ता लोकांची, म्हणून हिशोब. फक्त पत्ता चुकलाय. आणि तो दुरुस्त करायला नवीन कायदा लागत नाही.

दहा रुपयांचा स्टॅम्प

माहितीच्या अधिकाराचा इतिहास महाराष्ट्राला सांगायला नको. २००२ चा राज्याचा कायदा, त्यासाठीची उपोषणं, मग १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभर लागू झालेला केंद्राचा कायदा. सरकारी विद्यापीठ कायद्याने स्थापन झालेलं असतं, म्हणून ते त्या कायद्याखाली सार्वजनिक प्राधिकरण ठरतं. कलम ४ तर सांगतं की अंदाजपत्रक, खर्च, अनुदानाचा वापर ह्या गोष्टी कुणी मागायच्या आधी स्वतःहून जाहीर करा.

संस्था खाजगी ट्रस्टची असेल तर? दोन वाटा. सरकारी पैशावर मोठ्या प्रमाणात चालत असेल तर तीही कायद्याखाली येते, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. दुसरी वाट सोपी. हिशोब मंत्रालयाला सादर करायची अट आहे ना? मग तो मंत्रालयाकडून मागा.

विद्यापीठाकडे मागायचा तर पद्धत अशी. साधा कागद, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर हवा, त्यामुळे भाषण लिहू नका. 'कम्युनिटी रेडिओ केंद्राचे मागील तीन आर्थिक वर्षांचे लेखापरीक्षित हिशोब, त्यांची मंत्रालयाला सादर केल्याची पोच, आणि मिळालेल्या अनुदानाची उपयोगिता प्रमाणपत्रे यांच्या प्रती मिळाव्यात.' बस. 'भ्रष्टाचार झाला आहे का' असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. कागद मागा. ३० दिवसांत उत्तर, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

दुसरं हत्यार फार कमी लोकांना ठाऊक आहे. विद्यापीठाची अधिसभा, म्हणजे सिनेट. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे नोंदणीकृत पदवीधर तिच्यावर १० सदस्य निवडून देतात. मुंबई विद्यापीठात ही निवडणूक बरीच रखडून सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. उल्हासनगरच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेला, अंबरनाथला दुकान चालवणारा माणूसही नोंदणी केली तर मतदार होतो. अंदाजपत्रक ह्याच अधिसभेपुढे येतं. रेडिओसाठी किती तरतूद, गेल्या वर्षीची किती वापरली, हे तिथे सदस्याने उभं राहून विचारायचं. मत मागायला दारात येतील तेव्हा आपण त्यांना तेवढं सांगून ठेवायचं.

रेडिओ हवाच का?

शेवटचा मुद्दा. हातात मोबाईल असताना १०० वॅटच्या स्टेशनचं काय घेऊन बसलात, असं वाटत असेल.

२७ जुलै २०१९ आठवा. उल्हास नदीला पूर, बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकलेली, हजारावर प्रवासी आत. नौदल, एनडीआरएफ, गावकरी, सगळे धावले आणि माणसं सुखरूप बाहेर आली. त्या दिवशी आमच्याकडे व्हॉट्सॲपवर काय काय फिरत होतं ते आठवलं की अजून धडकी भरते. पाणी कुठपर्यंत आलंय, कुठली गल्ली बंद आहे, हे नाव-गाव सांगून बोलणारा, उद्या जाब विचारता येईल असा आवाज हवा होता. कम्युनिटी रेडिओवर स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, पण हवामान, वाहतूक, पाणी-वीज, नैसर्गिक आपत्ती ह्यांच्या सूचना नियमांत बसतात. आणि तीन महिने टेप जपायची अट असल्यामुळे कोण काय बोललं हे नाकारता येत नाही. फॉरवर्डला अशी अट नाही.

आमच्या पट्ट्यातल्या एखाद्या कॉलेजाने उद्या असं स्टेशन मागितलं, तर मी पहिला टाळ्या वाजवीन. आणि पहिल्या मार्चनंतर हिशोबाची प्रतही मागीन. ह्यात संशय नाही. पोस्टात लायसनचे पैसे भरणाऱ्या पिढीला जे विचारता आलं नाही, ते विचारायची सोय आता झाली आहे, एवढंच.

तुमच्या गावात, कॉलेजात असं स्टेशन असेल तर ह्या महिन्यात एक अर्ज टाका. उत्तर आलं की मला कळवा, चांगलं आलं तरी कळवा, किंबहुना चांगलं आलं तर नक्की. त्यावर एक भाग करू.

तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा. भेटूया.